डाव्या टाचेची झीज

रविवारी सकाळी चहा झाला की मी कुकीज पुसायला बसत असे. आधी माझ्या मोबाइलमधल्या, मग बाबांच्या संगणकातल्या.

"केर काढलास का गं?" बाबा विचारत.

"काढला."

"म्हणजे आता सगळ्यांना परत माझी ओळख करून द्यायला लागणार!"

हा विनोद ते दर रविवारी करत, आणि दर रविवारी तो त्यांना नव्यानं सुचलेला असे.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानातला काटा केसभर जरी झुकत असला तरी त्यांना तो दारातूनच दिसायचा. आई गेल्यापासून त्यांचा स्वतःचा काटा हळूहळू सरकू लागला होता. आधी नावं गेली, मग रस्ते. बुद्धिबळाची एक साइट मात्र ते रोज न चुकता उघडत. मी एकदा तिचीही कुकी पुसून टाकली, तेव्हा पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली आणि बाबा तिच्यासमोर एक बोट उचलून तसेच बसून राहिले.

"हे विचारतंय मी कोण," ते म्हणाले. "काय सांगू?"

तेव्हापासून ती एक कुकी मी राखून ठेवली. कुकी म्हणजे काय, हे त्यांना लाँड्रीच्या बिल्ल्यावरून समजावलं. साइट आपल्या हातात एक बिल्ला देते, पुढच्या वेळी तो दाखवला की आपलेच कपडे बरोबर निघतात.

"मग बाकीचे बिल्ले का टाकतेस?"

"ते न मागता कुणीतरी आपल्या खिशात सरकवलेले असतात, बाबा. आपण कुठल्या दुकानात शिरलो, काय उचलून पाहिलं, हे तिसऱ्याच कुणाला तरी कळावं म्हणून."

"तुझी आई सगळ्यांचे घ्यायची."

खरं होतं. पडद्यावर संमतीची पट्टी आली की आई वाचायच्या आधी 'स्वीकारा' दाबायची. "दारात उभं राहून कुणी इतकं विचारतंय, तर नाही कशाला म्हणायचं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. आजारपणात अंथरुणावर बसून तिनं बाबांसाठी शेवटची खरेदी केली तीही अशीच, पुढे येईल त्याला हो म्हणत. तपकिरी बूट, नाडी नसलेले, बाजूला इलॅस्टिक, चवड्याला रुंद. बाबा दुसरं काही पायात घालेनात.

मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. दिवसभर घरी बाबा एकटे. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात, त्या मधूनमधून वर येऊन डोकावत. तरी एकदा बाबा निघून गेले आणि पोस्टमननं त्यांना हाताला धरून परत आणलं. मी लगेच ठिकाण सांगणारं घड्याळ विकत आणलं. बाबांनी ते मनगटावरून काढून साखरेच्या डब्यात ठेवलं.

"मी काय पार्सल आहे?" ते म्हणाले. "स्वतःला कुणी पाहू नये म्हणून दर रविवारी धडपडतेस, आणि माझ्या हातात हे?"

मी ते साखर झटकून खोक्यात परत ठेवलं. त्यानंतर कामावर फोन वाजला की माझा हात आधी थंड पडायचा, मग फोनकडे जायचा.

बुटांची जाहिरात मला पहिल्यांदा दिसली ती प्रयोगशाळेतल्या संगणकावर. हवामानाचं पान उघडलं होतं आणि उजव्या कडेला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आईनं घेतले होते तसेच तपकिरी बूट. मी 'ही जाहिरात नको' दाबलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

केंद्रातले संगणक सांभाळणाऱ्याला आम्ही सगळे डॉक्टर म्हणतो, कारण कुठल्याही बिघाडावर तो आधी "बंद करून झोपू द्या" असंच सांगतो. त्याला विचारलं.

"कुकी पुसली म्हणजे सुटलात असं वाटतं की काय मॅडम?" तो हसला. "पडद्याचा आकार, अक्षरांचे प्रकार, घड्याळाची वेळ, असं सगळं जुळवून ओळखतात. माणूस तोंड झाकून गेला तरी चालीवरून कळतोच ना, तसं."

"पण ही खरेदी घरच्या संगणकावर झाली होती. तीही आईनं."

"मग कुठूनतरी धागा लागला असेल. राहू द्या. बूट चांगले आहेत."

स्पष्टीकरण पुरेसं होतं. मी ते मान्य केलं आणि कामाला लागले.

पुढच्या आठवड्यात जाहिरातीतले बूट वापरलेले दिसले. चामड्याला चवड्याजवळ घड्या पडल्या होत्या. डाव्या टाचेची बाहेरची कड तिरपी झिजली होती. बाबा डावा पाय किंचित ओढत चालतात.

कुठलं दुकान झिजलेले बूट दाखवून नवे विकतं? मी चित्रावर दाबलं. एक कोरं पान उघडलं. ना दुकान, ना किंमत. तळाशी फक्त एक करडी पट्टी: 'तुमची पसंती आमच्याकडे जतन आहे.' आईनं बूट घेतले ते दुकान केव्हाच बंद पडलं होतं, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर आम्ही एक ब्लँक लावतो. म्हणजे निखळ शुद्ध पाणी, इतर नमुन्यांसारखंच प्रत्येक पायरीतून नेलेलं. त्यात काहीच दिसता कामा नये. दिसलं, तर ते पाण्यातलं नव्हे. आपल्या हातातलं, भांड्यातलं किंवा खोलीतलं.

प्रयोगशाळेसाठी नवा टॅबलेट आला होता. डॉक्टरनं माझ्यासमोर खोक्याचं सील फोडलं आणि त्यात नवं सिमकार्ड घातलं. मी ना नाव दिलं, ना ईमेल. हवामानाचं पान उघडलं आणि पट्टी आल्यावर 'सगळं नाकारा' दाबलं.

उजव्या कडेला बूट आले. या वेळी पार्श्वभूमी पांढरी नव्हती. काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या, आणि एका पांढऱ्या फरशीचा कोपरा तुटलेला होता.

मी घरी फोन लावला.

"बाबा, आत्ता कुठे होतात?"

"गॅलरीत. का गं?"

आमच्या गॅलरीतल्या त्या फरशीवर लहानपणी माझ्याच हातून वरवंटा पडला होता.

"काय झालं?" डॉक्टरनं विचारलं. मी टॅबलेट त्याच्याकडे वळवला. "ही फरशी आमच्या गॅलरीतली आहे." "फरशीचा फोटो बरा आलाय," एवढंच तो म्हणाला आणि खोकं आवरू लागला. त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

मी घाबरले का? घाबरले. पण शिक्षणानं मला एक सवय लावली आहे. मोजमाप पटत नसलं तरी ते खोडायचं नाही. मी रोज कामाच्या मधेमधे पान उघडून पाहू लागले. फरशी दिसली की बाबा गॅलरीत. तांबडं जाजम दिसलं की बाहेरच्या खोलीत. फोन करून मी ताडून पाहत असे, आणि एकदाही चूक निघाली नाही. काही दिवसांनी मी फोन करणं सोडलं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की फोन वाजल्यावर हात थंड पडत नाही. मला दुपारचा डबा चवीनं खाता येऊ लागला. हे कुणाचे उपकार, असा प्रश्न मनात यायचा आणि तिथेच थांबायचा.

मग एके दिवशी दुपारी काकूंचा फोन आला.

"अगं, दार सताड उघडं आहे. बाबा घरात नाहीत. गल्लीत पाहिलं, वाण्याकडे विचारलं, कुणी पाहिलं नाही गं."

मी हातमोजे न काढताच संगणकाकडे वळले. पान उघडलं.

बूट लाकडी फळ्यांवर होते.

फळ्या जुन्या, करड्या. मधली एक फळी मात्र त्यांच्याहून नवी, फिकट रंगाची. तिच्यात तळहाताएवढं गोल छिद्र.

ते छिद्र बाबांनी पाडलं होतं.

आमच्या केंद्राच्या जलाशयाच्या पलीकडच्या काठावर नमुने घेण्याचा एक जुना धक्का आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी तिथे जाऊन, धक्क्याच्या कडेवरून वाकून बाटली पाण्यात सोडत असे. बाबा आमच्या प्रयोगशाळेचे तराजू तपासायला आले असताना त्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन आले आणि मधली एक सडकी फळी बदलून नवीत छिद्र पाडलं. "आता मधे बसून बाटली सोड," म्हणाले. "कडेला जायचं कारण नाही." पुढे तो धक्का बंद झाला. गेली कित्येक वर्षं तिकडे कुणी फिरकत नाही.

मी चित्र पुन्हा पाहिलं. बूट शेजारी-शेजारी, टोकं माझ्याकडे करून, नीट लावलेले होते. डाव्या बुटात मोजे, घडी घालून खोचलेले.

बाबा बूट काढले की मोजे असेच ठेवतात.

केंद्राची गाडी डॉक्टरनं चालवली. काठावरचं फाटक गंजून अर्धवट उघडं पडलं होतं. मी धावले.

बाबा धक्क्याच्या टोकाला बसले होते. अनवाणी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दोन्ही पाय पाण्यात.

मी हाक मारली नाही. दचकले असते.

जवळ जाऊन मागून त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरलं.

"आलीस?" ते मागे न बघताच म्हणाले. "त्या खांबावरचं पाण्याचं माप चुकतंय बघ. आत उतरून पाहणार होतो किती खोल आहे ते."

"मग उतरला नाहीत?"

"उतरतच होतो. तुझी आई म्हणाली, तिला येऊ द्या आधी." ते थोडे वैतागले. "किती वाट पाहायला लावतेस! पाय गारठले."

तिथे पाणी दोन पुरुष खोल आहे. मी स्वतः मोजलं आहे.

डॉक्टरनं आणि मी त्यांना मागे ओढून फळ्यांच्या मधोमध बसवलं. मी त्यांचे पाय माझ्या ओढणीनं पुसले, मोजे चढवले. घाईत इलॅस्टिक बोटांतून निसटत होतं. "सावकाश," बाबा म्हणाले. "बूट पळून जात नाहीत."

बूट घालायला उचलताना माझ्या लक्षात आलं, टोकं पाण्याकडे होती. आणि चित्रात ती पाहणाऱ्याकडे होती. म्हणजे ते चित्र ज्यानं टिपलं, तो पाण्याच्या बाजूला होता.

मी मान वर करून पाहिलं. जलाशय सपाट, शांत. खांबाच्या भोवती नुकत्याच उठलेल्या एका वर्तुळाची कड विरत होती.

गाडीत डॉक्टरनं स्वतःचं जाकीट काढून बाबांच्या पायांवर घातलं आणि म्हणाला, "बाबा, आता बंद करून झोपू द्या स्वतःला." बाबा खळखळून हसले.

काकू आमच्या दारातच बसून होत्या. बाबांना पाहिल्यावर त्यांनी आधी डोळे पुसले, मग त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "परत असं गेलात तर पँट कमरेत इतकी घट्ट करीन की जिना उतरता येणार नाही!"

"बाईचा टेप मात्र बरोबर माप दाखवतो हं," बाबा मला म्हणाले.

त्या रविवारी मी केर काढला नाही. चहाचा कप घेऊन गॅलरीत, त्या तुटक्या फरशीपाशी उभी राहिले आणि हलक्या आवाजात "थँक यू" म्हणाले. कुणाला, ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय नाव घेणं मला जमत नाही. पण आभार मानायला नाव लागतंच असं नाही. तेव्हापासून कुठल्याही साइटवर पट्टी आली की मी आईसारखी, न वाचता 'स्वीकारा' दाबते.

आता दिवसभर बाबांसोबत एक परिचारिका असते. बाबा तिला रोज बुद्धिबळात हरवतात आणि रोज तिचं नाव विचारतात. बुटांची जाहिरात त्यानंतर दिसली नाही. बाबांना आता तिची गरज नव्हती, असं मी समजून घेतलं. कधीकधी तिची आठवण मात्र यायची. बाबांच्या नंतर माझं असं कुणी नाही. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. अशा माणसानं शेवटी कुणाच्या भरवशावर राहायचं, हा विचार जेवताना, चालताना येऊन जायचा.

काल दुपारी मी हवामानाचं पान उघडलं. उजव्या कडेला बूट होते.

बाबांचे नव्हेत. बायकांचे, काळे, वर एक पट्टा असलेले. डाव्या चवड्याला थोडे रुंद. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलंय, मला तसेच लागतात. असे बूट माझ्याकडे नाहीत. मी ते कधी पाहिलेही नव्हते. चित्रातले खूप वापरलेले होते, आणि ज्या फरशीवर ते ठेवले होते ती मला ओळखता आली नाही.

डाव्या बुटात मोजे होते, घडी घालून खोचलेले.

भीती वाटेल असं वाटलं होतं. त्याऐवजी, धक्क्यावर बाबांचे खांदे हाताला लागले तेव्हा छातीत जे सैल झालं होतं, तेच पुन्हा सैल झालं. मला शोधायलाही कुणीतरी येणार होतं. खाली पट्टी आली. मी 'स्वीकारा' दाबलं.

संध्याकाळी घरी आल्यावर दारात बूट काढले. गेल्याच महिन्यात घेतलेले, अजून नवेकोरे. सहज डावा बूट उजेडात धरून उलटा केला.

टाचेची बाहेरची कड तिरपी झिजायला लागली होती.