बावर्चीखान्यातली जाळी

शेकोटीत दोन काटक्या सारा, मग सांगतो. बुंदू संगतराश, दगड कोरणारा, माझा सख्खा मामेभाऊ. तो मला खोटं सांगायचा नाही.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. मंगळवार, रात्रीचे पावणेआठ. सिक्रीच्या ओसाड महालांमागे बावर्चीखाना म्हणतात ती बंद खोली आहे ना, तिथल्या फुटक्या जाळीच्या जागी बुंदूनं नवी कोरली होती. सकाळी बसवायची होती. जेवता जेवता त्याला शंका आली, माप चुकलं तर नाही? फीत खिशात टाकून तो निघाला.

पहारेकरी शब्बीरनं कुलूप काढलं. "जा चाचा, मी इथंच थांबतो. आत वटवाघळं अंगावर मुततात."

"आणि म्हणे पहारेकरी!" बुंदू हसत आत शिरला.

वास वटवाघळांचा नव्हता. खवट चरबीचा होता, आठवडाभर न घासलेल्या देगचीचा. टॉर्च कट्ट्यावर ठेवून त्यानं भिंतीला हात टेकला, तर बोटं माखली. चिकट... आणि कोमट. शी! हात सदऱ्याला पुसला, तर सदराही घाण मारायला लागला. तरी माप घेतलंच. जाळी दोन सूत मोठी होती.

इतक्यात आवाज आला. पोटभर जेवून बोटं चाटावीत, तसा. मच्... मच्...

"शब्बीर, आत कोण जेवतंय रे?"

"चेष्टा नको चाचा. आत तुम्ही एकटेच आहात."

आवाज थांबला.

टॉर्च विझला.

त्याचा उजवा हात कुणीतरी धरला. हळूच. मूठ उघडली. आणि... जीभ. खरखरीत. गरम. मनगटापासून बोटांपर्यंत. पुन्हा. पुन्हा...

तो ओरडला नाही. तोंड उघडलं तर ती तोंडात शिरेल...

हात सुटला तसा तो धडपडत बाहेर आला आणि शब्बीरच्या पायाशी भडाभडा ओकला. घरी नसरीनभाभीनं त्याचा हात राखेनं घासला, साबणानं, शेवटी रॉकेलनं. तिलाही उमासे येत होते. पहाटेपर्यंत वास हटला नाही.

सकाळी जाळी तासायला त्यानं छिन्नी उचलली, ती हातातून निसटली. चाळीस वर्षांचे घट्टे गायब. तळवा तान्ह्या बाळासारखा मऊ, गुलाबी. दोन घाव घातले की फोड येतात. जाळी शेवटी दुसऱ्यानंच बसवली.

उद्या भेटला तर हात बघा त्याचा.

एकही रेषा नाही...