राजूरच्या फाटकावरची पुस्तकं

पुठ्ठ्यावरची माती झटकून अंजूने ते जाड पुस्तक उघडलं आणि ती बघतच राहिली. पानाच्या मधोमध ठसठशीत मोठी अक्षरं, आणि भोवती बारीक, वेगळ्याच वळणाच्या अक्षरांचा वेढा!

दिवाळीच्या सुट्टीत ती आर्णीजवळच्या तांड्यावरून राजूरला, कोळसा खाणीत काम करणाऱ्या प्रेमसिंगमामाकडे आली होती. मामेभाऊ बादल आणि शेजारची खुशी यांच्याबरोबर चेंडू शोधत ती खाणीच्या क्लबमागे पोचली, तर तिथे वाचनालयातली पुस्तकं पोत्यांत कोंबणं चाललं होतं. क्लबचे सेक्रेटरी भगवानराव यांना त्या जागी कॅरम मांडायचा होता. हे उर्दू आहे, इथे कोणी वाचत नाही, असं म्हणून त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. तेवढ्यात खुशीने मोबाइलवर फोटो काढलाच.

"हे उर्दू नाही," खुशी म्हणाली. "उर्दूची अक्षरं एकमेकाले धरून असतात. हे तर सारे सुटे उभे हायेत."

अंजूने फोटो तिच्या शाळेतल्या शिक्षिका विमलताईंना पाठवला. जेवणं होईस्तोवर जाणकारांना विचारून त्यांचा फोन आला. ती हिब्रू होती! मधे ज्यू लोकांच्या धर्मग्रंथाचं वचन, भोवती जुन्या पंडितांनी केलेला अर्थ. छपाई शेकडो वर्षांपूर्वीची दिसत होती. काही झालं तरी पुस्तकं जाऊ देऊ नका, असं त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या.

तिघं क्लबवर धावली. पोती गेली होती! भगवानराव चहा पीत होते. रद्दीसाठी कोणी ट्रक परत बोलावतं का, असं म्हणून ते हसले.

मुलांनी सायकली काढल्या. रद्दी जायची त्या कागद कारखान्याची वाट रेल्वे फाटकावरून जात होती, आणि कोळशाची लांबलचक मालगाडी धडधडत चालली होती. फाटक बंद, ट्रक उभा!

ड्रायव्हर शंकरसिंग पोत्याला हात लावू देईना. मग अंजूला पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची माती आठवली.

"काका, तुमच्या मालात वाळवी लागली हाय."

"कायले खोटं बोलून राह्यली, पोरी?"

"तुमीच पाहा."

त्याने पोतं उघडलं. पुठ्ठ्यांवर वाळवीची माती स्पष्ट दिसत होती.

"कारखान्यात पाह्यलं तर सारा ट्रक वापस करतीन! उतरवा हे दोन्ही पोते!"

मुलांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. फाटक उघडलं, ट्रक गेला, आणि रस्त्याच्या कडेला दोन पोती, तीन मुलं उरली. बादलने तर तिथेच नाच सुरू केला!

आठवड्याभरात विमलताई पुस्तकावरच्या नावावरून शोधून काढलेल्या रिवकाबाई आवासकरांना घेऊन आल्या. खाणीच्या दवाखान्यात पूर्वी त्यांचे आजोबा डॉक्टर होते; पुस्तकं त्यांचीच. रिवकाबाईंनी पान उघडून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत मोठ्याने वाचलं, मग त्याचा अर्थ चांगल्या मराठीत सांगितला.

"आम्ही ही गेलीच समजत होतो," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तुमचं नाव कायम राहील, पोरांनो."

भगवानराव मागे मान खाली घालून उभे होते. ते पुढे आले आणि उरलेल्या कपाटांच्या किल्ल्या त्यांनी अंजूच्या हातात दिल्या.

"आता आधी तुमी पाहाल," ते म्हणाले, "मंगच आमी हात लावू."