चारशे बारापैकी चारशे बारा

सून दिवसा फोन करत नसे. केलाच तर भांडायला. म्हणून शुक्रवारी अकरा वाजता तिचा फोन आला तेव्हा मोठ्या बाईंनी आधी घसा साफ केला आणि मगच फोन कानाला लावला.

"काय आहे?"

"आई, माझ्याकडून कागदावर सही घेतायत."

"कसला कागद?"

"चूक माझी होती असा. बारा वाजता रुग्णालयाचे वकील यायचेत. तोवर सही केली नाही तर साहेब माझ्या नावाने पोलिसांत जाणार."

"चूक तुझी आहे?"

"नाही."

मोठ्या बाईंनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाल्या, "सही करायची नाही. कुणी कितीही दटावलं तरी पेन हातात धरायचं नाही. तुझी ती निळी वही कुठे ठेवतेस?"

"कपाटात, वरच्या कप्प्यात. तुम्हाला कशाला ती?"

"मला काय कशाला हवं ते तू विचारू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

मोठ्या बाईंची शाळा चौथीत सुटली होती. पण कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली, त्यातली सोळा मुख्य म्हणून. वाकडी शिवण त्यांना दहा हातांवरून दिसे. सून त्यांना आवडत होती अशातला भाग नाही. सुनेला भात नीट शिजवता येत नव्हता आणि उलट उत्तर मात्र चटकन देता येत होतं. पण आपल्या घरातल्या माणसाला लबाड म्हणायचं ते आपण. बाहेरच्याने म्हणायचं नाही.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. खोलीत दोन टेबलं. एसीचं पाणी खाली बादलीत ठिबकत होतं. सून भिंतीला टेकून उभी, डोळे लाल. दुसऱ्या टेबलाशी एक तरुण बसला होता, त्याला सगळे हेडफोन म्हणत, कारण ती वस्तू त्याच्या डोक्यावरून कधी उतरत नसे. आणि मधोमध साहेब, एका हातात कागद, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्यांत एक इवलासा पेनड्राइव्ह लटकत होता.

"आजी, ही कचेरी आहे," साहेब म्हणाले.

"दिसतंय. धूळ काढत नाही कुणी." मोठ्या बाईंनी सुनेची खुर्ची ओढली.

"टेकू नका, पाठ मागे पडते तिची," साहेब म्हणाले.

मोठ्या बाई न टेकता बसल्या. "आता सांगा. माझ्या सुनेने काय दिवे लावले?"

साहेबांनी सांगितलं ते असं. त्यांचा एक प्रोग्रॅम होता, नाव गाळणी. रुग्णालयाने तो औषधांच्या याद्यांसाठी घेतला होता. एक जुनं औषध बंद झालं, म्हणून प्रत्येक वॉर्डच्या यादीत त्याच्या जागी नवं नाव घालायचं होतं. गाळणीने सगळ्या ओळी बदलल्या, फक्त शेवटची सोडून. प्रत्येक वॉर्डच्या शेवटच्या खाटेवर बंद झालेलंच औषध गेलं. चार नंबरच्या वॉर्डातली बाई अजून शुद्धीवर आली नव्हती.

"आणि तपासून सही कुणी दिली?" साहेबांनी सुनेकडे बोट केलं. "चारशे बारापैकी चारशे बारा पास म्हणून? हिने. वीस वर्षांपूर्वी हा प्रोग्रॅम मी एकट्याने लिहिला. तेव्हा त्याला कात्री म्हणायचो. अजून माझी कात्री खिशात असते." त्यांनी किल्ल्या खुळखुळवल्या. "एक चूक सापडली नव्हती कधी. आता या मंडळींनी नाव बदललं, आतलं सगळं बदललं, आणि ही अवस्था करून ठेवली."

"कात्री?"

"नुसतं नाव हो, आजी. तुमच्या शिवणकामातली नव्हे."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "अगं, इकडे ये. तुझी ती गाळणी करते काय? मला कळेल असं सांग."

"मजकूर एका बाजूने आत जातो, एकेक ओळ करून," सून म्हणाली. "आपण आज्ञा टाइप करायची. हा शब्द काढ, तो घाल, ही ओळ गाळ. दुसऱ्या बाजूने बदललेला मजकूर बाहेर. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरं."

"आणि तू काय तपासतेस?"

"माझ्या चारशे बारा चाचण्या आहेत. प्रत्येकीत मजकूर असतो, आज्ञा असते आणि मी लिहून ठेवलेलं बरोबर उत्तर. गाळणीचं उत्तर माझ्याशी जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल."

"शेवटच्या ओळीची चाचणी नव्हती?"

"होती!" सुनेचा आवाज चिरकला. "प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची खूण असते. कधीकधी शेवटच्या ओळीला ती नसते, रुग्णालयाच्या याद्यांना नाहीच. तरी ती ओळ बदललीच पाहिजे, असा नियम आहे. त्याची चाचणी आहे, एकशे सदतीस नंबरची. मंगळवारी सकाळी ती लाल होती. मी हेडफोनला सांगितलं. जेवून आले, पुन्हा चालवली, सगळं हिरवं. मला वाटलं, याने दुरुस्त केलं."

मोठ्या बाई वळल्या. "ए, ते कानावरचं काढ. तू दुरुस्त केलंस?"

हेडफोनने ते गळ्यात उतरवलं. "नाही."

"मग हिरवं कसं झालं?"

"मला काय माहीत? मी जेवून येऊन करणारच होतो. पाहिलं तर हिरवं. मला वाटलं, हिचीच चाचणी चुकली होती आणि हिने सुधारली."

"विचारलंस तिला?"

"नाही."

"का?"

"आमचं बोलणं बंद आहे. ती माझ्या कामात फार चुका काढते."

"तेच तिचं काम आहे, बाळा. तुझं काय आहे?"

साहेब घड्याळाकडे बघत होते. पावणेबारा.

मोठ्या बाईंनी पिशवीतून निळी वही काढली. ती त्यांना चांगली ठाऊक होती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सून तीत काहीबाही लिहीत बसे. कॉम्प्युटरच्या कामाला वही कशाला, म्हणून मोठ्या बाईंनी एकदा टोमणा मारला होता. तेव्हा सून म्हणाली होती, तुम्हीच सांगता ना, आधी मापाचं कार्ड बघायचं, मग कपडा. आधी नियम वाचून उत्तर वहीत लिहायचं, मगच गाळणीला विचारायचं.

"एकशे सदतीस काढ. वहीत आणि तिकडेही."

वहीत सुनेच्या अक्षरात तीन ओळी होत्या, तिन्ही बदललेल्या. पडद्यावर, बरोबर उत्तराच्या फाइलीत, पहिल्या दोन बदललेल्या आणि तिसरी जुनीच.

सुनेने तोंडावर हात ठेवला. "हे मी लिहिलेलं नाही."

"तुमची गाळणी आज काय उत्तर देते?"

हेडफोननेच चालवून बघितलं. अगदी तेच. दोन बदललेल्या, तिसरी जुनी.

"म्हणजे शर्ट आखूड शिवला आणि मग त्या शर्टावरून मापाचं कार्ड लिहिलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग माप जुळणार नाही तर काय! हे एकेक बसून करावं लागतं?"

"नाही," हेडफोन हळूच म्हणाला. "एका आज्ञेत होतं. गाळणीची आत्ताची उत्तरं हीच बरोबर धर, असं सांगायचं. चारशे बाराच्या चारशे बारा उत्तरं नव्याने लिहिली जातात."

साहेब पुढे झाले. "बरं झालं, तुम्हीच शोधलंत. आता ऐका. ती उत्तरं मंगळवारी दुपारी एक वीसला बदलली, असं नोंदीत आहे. कुणाच्या नावाने? हिच्या. कुठल्या मशीनवरून? याच. लाल दिसलं, निस्तरता येईना, म्हणून हिने झाकलं."

"एक वीसला मी खाली पायऱ्यांवर डबा खात होते!"

"साक्षीदार?"

"मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "सव्वा ते दीड मी हिच्याशी फोनवर भांडत होते. न्हाणीघरातला नळ रात्रभर वाहत होता त्यावरून. चांगलं कडाक्याचं भांडण झालं."

"फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने टाइप करता येतं, आजी. आणि सासूची साक्ष कोण धरणार?"

"तेही खरं. तुम्ही होतात कुठे?"

"माझ्या केबिनमध्ये. महिनाभरात या खोलीत पाऊल टाकलेलं नाही मी. आज पहिल्यांदाच आलोय."

तेवढ्यात दार वाजलं. रुग्णालयाचे वकील आले, बारीक अंगाचे, कोरड्या चेहऱ्याचे. "कागद तयार आहे?"

"तयार आहे, सही राहिलीय," मोठ्या बाई म्हणाल्या. "बसा. तुमच्यासमोरच होऊ दे." साहेबांनी तोंड उघडलं, पण वकिलांनी बसूनही घेतलं होतं.

"अगं, चुकीची आज्ञा दिली तर तुमचं यंत्र काय करतं?"

"चूक कळवतं. काय चुकलं त्याची एक ओळ छापतं. अशा एकोणीस चाचण्या आहेत."

"आमच्याकडे नापास कपड्यावर खडूची खूण असायची, ज्याची त्याची वेगळ्या रंगाची. कुणी नापास केला ते विचारावं लागत नसे. तुमचं यंत्र खूण करतं का काही?"

सून थबकली. "त्या ओळीतला पहिला शब्द म्हणजे प्रोग्रॅमला ज्या नावाने बोलावलं ते नाव. पण आम्ही तो जुळवून बघत नाही. आमच्या आमच्या प्रती वेगवेगळ्या नावांच्या असतात. माझी 'गाळणी'. हेडफोनची 'नवी'. पहिला शब्द सोडून पुढचंच जुळवतो."

"म्हणजे त्या शब्दाकडे कुणी बघतच नाही."

"नाही."

"मग आता बघ."

सुनेने त्या एकोणीसांतली बरोबर उत्तराची पहिली फाइल उघडली. मग दुसरी. मग पडदा वकिलांकडे फिरवला. एकोणीसच्या एकोणीस ओळींच्या सुरुवातीला एकच शब्द होता. कात्री.

एसीचं पाणी बादलीत ठिबकत राहिलं.

"शिवणखात्यात कुणी आपली कात्री दुसऱ्याला देत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "नजर ठेवून बसतो आम्ही तिच्यावर. साहेब, तुमचीही खिशातून हलत नसेल. मंगळवारी गाळणीची नवी प्रत तुम्ही त्या किल्ल्यांवर घेतलीत आणि सवयीने तिला जुनंच नाव दिलंत. रुग्णालयाला द्यायच्या आधी चालवून बघावी म्हणून इथे आलात. सून जेवायला गेलेली, मशीन उघडं. एक लाल दिसलं. दुरुस्तीला थांबलात तर तारीख चुकते. तर तुम्ही मापाचं कार्डच बदललंत, आणि सही करायला हिला ठेवलीत."

"हा शब्द कुणीही टाइप करू शकतं!"

"तुमच्यात नि हिच्यात वैर आहे म्हणून हिने मुद्दाम तुमच्या कात्रीचं नाव घातलं म्हणता? मग तीन दिवस गप्प का बसली? रडत का होती?" मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. "आणि ही खुर्ची. कधी आली गं ही?"

"मंगळवारी सकाळी, स्टोअरमधून. पाठ मोडकी आहे, पण मी कुणाला बोलले नाही. सारखी कुरकुर करते म्हणतात."

"महिनाभर या खोलीत पाऊल न टाकलेल्या माणसाने मला सांगितलं, टेकू नका, पाठ मागे पडते. मी टेकलेही नव्हते. बसल्याशिवाय ते कळत नाही, साहेब."

साहेबांनी किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. चेहरा राखेसारखा झाला होता.

वकिलांनी हात पुढे केला. "त्या इकडे द्या. मंगळवारी संध्याकाळी प्रोग्रॅम आमच्याकडे याच जुडग्यावरून बसवला होतात. आमच्या मशीनवरही तो कात्री याच नावाने आहे. काल मी विचारलं तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, जुनी सवय."

"एका ओळीचा प्रश्न होता," साहेब पुटपुटले. "वीस वर्षांत कधी... मला वाटलं, पुढच्या आठवड्यात गुपचूप दुरुस्त करू."

"चार नंबरच्या वॉर्डात येऊन सांगा हे," वकील म्हणाले. "तिची मुलगी बसलीय बाहेर." त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, सुनेचं नाव खोडलं आणि पेन साहेबांपुढे ठेवलं.

हेडफोन चाचरत म्हणाला, "मी एकशे सदतीस आत्ता दुरुस्त करतो."

"आधी हिची माफी माग. मग कर."

सुनेच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं तशा मोठ्या बाई तिच्यावर कडाडल्या. "तू काय हसतेस? चारशे बारापैकी चारशे बारा, आणि केलीस सही? माझ्या टेबलावर शंभरात एकही कपडा परत गेला नाही, तर मी कपड्याला नाही, तपासणारीला उभी करायची. गठ्ठ्यात मुद्दाम एक फाटका शर्ट घालायचो आम्ही. पकडला तर तिची नजर जागेवर. मोड आता काहीतरी त्या गाळणीत आणि बघ, लाल होतं का."

सून बसली. निळ्या वहीवरून तिने काही उत्तरं परत लिहिली, हेडफोनने गाळणीतली एक ओळ मुद्दाम बिघडवली, आणि पडदा लाल ओळींनी भरून गेला. मोठ्या बाईंनी समाधानाने मान हलवली.

जिना उतरताना सून म्हणाली, "आई, एक सांगू? तो नळ मी उघडा ठेवला नव्हता."

"माहीत आहे. मीच ठेवला होता."

सून पायरीवरच थांबली. "मग पंधरा मिनिटं माझ्यावर ओरडत का होतात?"

"बघत होते. ओरडलं की तू न केलेलं कबूल करतेस का ते." मोठ्या बाई कठडा धरून पुढे उतरत राहिल्या. "शेवटपर्यंत नाही म्हणालीस, फोनही आपटलास. म्हणून आज नाही म्हणालीस तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. चल आता, जिन्यात उभी करू नकोस मला. आणि आज भात मी लावते."