सी ड्राइव्हवरचा आवाज

वॉशिंग मशीनच्या गोल काचेआड आपला फोन साबणाच्या फेसात गटांगळ्या खातोय, हे स्वानंदीला दिसलं.

"अगं बाई गं!"

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधल्या आपल्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये तिने मशीनच्या दाराला दोन्ही हातांनी हिसके द्यायला सुरुवात केली. फोन जीन्सच्या खिशात राहिला होता. काचेवर तो टक्... टक्... आपटत होता, आणि दार हूं की चूं करत नव्हतं.

"ते आता नाही उघडणार," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं. "धुणं संपेपर्यंत लॉक असतं."

ती गर्रकन वळली. मागे एक तरुण उभा होता. हातात कपड्यांची टोपली, नाकावर घसरलेला चष्मा आणि चेहरा असा, की जणू त्याचाच फोन बुडाला होता.

"पण... त्यात माझी आई आहे!"

तो दचकून मशीनकडे बघायला लागला. एरवी स्वानंदीला हसू आलं असतं.

खरं तर ती चुकीचं बोलली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी नागपूरला तिच्या आईचं, शोभनाताईंचं, घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ होती, स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. व्हिसाचे कागद अडकलेले, म्हणून स्वानंदीला जाताही आलं नाही. आता आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता – त्या फोनमधल्या व्हॉइसमेलमध्ये. पोरगी ऑफिसात असली की शोभनाताई व्हॉइसमेलला निरोप सांगत आणि तोही पत्रासारखा. सुरुवातीला 'चिरंजीव स्वानंदीस आशीर्वाद', शेवटी 'कळावे'.

त्यातला शेवटचा निरोप ऑपरेशनच्या दिवशी सकाळचा. त्याच्यापुढचा निळा ठिपका अजून तसाच होता. स्वानंदीने तो ऐकलाच नव्हता. ऐकला की संपला... त्यानंतर आईचा नवा शब्द म्हणून काही उरणार नाही, या भीतीने ती रोज त्या ठिपक्याकडे बघायची आणि फोन ठेवून द्यायची.

"बॅकअप घेतलाय?" चष्मेवाल्याने हळूच विचारलं.

"लॅपटॉपवर आहे. मागच्या महिन्यातला."

"मग सुखरूप आहेत काकू," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "...बहुतेक."

त्याचं नाव प्रल्हाद. पुण्याचा, एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. नाव त्या पुराणातल्या न घाबरणाऱ्या पोराचं, पण हा माणूस जिन्यावरून उतरतानाही कठडा धरून उतरे.

"फोन तांदळात पुरून ठेवा," तो म्हणाला. "तांदूळ पाणी ओढून घेतो. कुठला आहे तुमच्याकडे?"

"चिन्नोर. आईने दिलेला."

"पुण्यात आम्ही आंबेमोहोर वापरला असता."

"पुण्यात तुम्ही फोन धुतलाच नसता, पाणी वाया जातं म्हणून."

तो हसला. चष्मा पुन्हा घसरला.

मग तो रोज संध्याकाळी फोनची तब्येत विचारायला येऊ लागला. डबा उघडायचा, फोन बाहेर काढायचा, बटण दाबायचं. फोन काही डोळे उघडायचा नाही. मग चहा व्हायचा. चहाबरोबर पोहे व्हायला लागले आणि पोह्यांवरून भांडण – बटाटा घालायचा की नाही. तिची रूममेट आश्लेषा ख्रिसमससाठी पार्सिपनीला बहिणीकडे निघाली, तेव्हा दारातून म्हणाली, "फोन मेलाय हे त्या मुलाला कधीच कळलंय यार, तरी येतोच ना? तुला कधी कळणार?" स्वानंदीचे कान लाल झाले.

नवा फोन आला. तिने लॅपटॉप उघडला, वायर जोडली, बॅकअप फोनमध्ये भरायला लावला... आणि पडद्यावर आलं, डिस्कवर पुरेशी जागा नाही.

सी ड्राइव्हची पट्टी लालभडक झाली होती. डी ड्राइव्ह मात्र ओस पडलेला.

"ही वाटणी कुणी केली?" प्रल्हादने विचारलं.

"विक्रमदादाने, माझ्या भावाने. म्हणाला, सी म्हणजे विंडोज. तो कधीही उडतो. महत्त्वाचं सगळं डीवर ठेवायचं, म्हणून सीला चिमूटभरच जागा दिली."

"आपल्याकडे सगळे दादा असंच करतात," प्रल्हाद म्हणाला. "पण फोनवाल्या प्रोग्रामला दादा माहीत नाही. तो न विचारता सगळे बॅकअप सीवरच टाकत बसलाय."

म्हणजे जे सगळ्यात जपायचं होतं, तेच नेमकं उडणाऱ्या ड्राइव्हवर!

"ते उचलून डीवर न्यायचं," तो सांगू लागला, "आणि सीवर फक्त एक खोटं दार ठेवायचं. प्रोग्रामला वाटेल, फोल्डर इथेच आहे. घर बदलल्यावर जुन्या दारावर नवा पत्ता लावतात ना, तसं."

"मग कट करून पेस्ट करू. एकदाचं होऊन जाईल."

"कट नको!"

तो इतक्या जोरात ओरडला की ती खुर्चीवरून उठलीच.

"सॉरी," तो ओशाळला. "नोकरीच्या पहिल्या वर्षी मी कट केलं होतं. मधेच केबल निसटली. अर्ध्या फाइल इकडे, अर्ध्या तिकडे आणि मधली एक... कुठेच नाही. त्या दिवसापासून ताकही फुंकून पितो. आधी कॉपी. मग तपासायचं. मगच जुनं पुसायचं."

"इतकं घाबरता?"

"हो." त्याने तिच्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. "बऱ्याच गोष्टींना."

बाहेर बर्फ पडत होतं. त्या डिसेंबरात बेलव्ह्यूच्या चढणीवर गाड्या आडव्या होऊन पडल्या होत्या, ऑफिसं बंद. चार वाजताच अंधारून आलं होतं. कॉपीची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

"बॅटरी चालते ना याची?" प्रल्हादने विचारलं.

"ती कधीच मेली. वायरवरच चालतो."

"आणि लाइट गेले तर?"

"इथे कुठले लाइट जातात? हे काय नागपूर आहे?"

पट्टी अर्ध्यावर आली. आणि लाइट गेले.

लॅपटॉप फट्कन काळा झाला. हीटर गप्प, फ्रिज गप्प. स्वानंदी जमिनीवरच बसली.

"गेलं... सगळं गेलं."

"नाही गेलं. आपण कॉपी करत होतो, कट नाही. मूळ जागेवर आहे."

"नक्की?"

दुसरा कुणी असता तर 'नक्की' म्हणून मोकळा झाला असता.

"डिस्कलाच मार बसला नसेल तर," तो शेवटी म्हणाला. "मलाही भीती वाटतेय. पण मी इथे आहे."

तो अंधारात चाचपडत येऊन तिच्याशेजारी बसला. थंडी वाढत चालली. त्याने जॅकेट काढून तिच्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः कुडकुडत राहिला. तिने जॅकेटची एक बाजू त्याच्यावर ओढली. दोघांचे खांदे टेकले. दोघांनीही ते काढले नाहीत.

"एक सांगू?" ती कुजबुजली. "ऑपरेशन झाल्यापासून मी आईला एकदाही फोन नाही केला. नुसते मेसेज. फोन लावला आणि पलीकडून काहीच आलं नाही तर... मला ती शांतता सहन नाही होणार. मी फार वाईट आहे ना?"

"घाबरलेली आहेस," तो म्हणाला. "वाईट नाही."

तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला होता. तिच्या ते लक्षात आलं आणि त्या गारठ्यातही तिला ऊब वाटली. तिने चाचपत त्याचा हात धरला.

लाइट आले तेव्हा दोघं एकदम दूर झाली, जशी काही चोरी पकडली गेली. लॅपटॉप सुरू केला, तर पडद्यावर आधी पांढरी अक्षरं भराभर धावली. डिस्क तपासतोय म्हणे. स्वानंदीने डोळे मिटून घेतले.

"बघ," प्रल्हाद म्हणाला.

सीवरचं फोल्डर होतं तसं होतं.

मग त्याने सगळं पहिल्यापासून केलं. डीवर कॉपी. खिशातून स्वतःची छोटी डिस्क काढून तिच्यावर आणखी एक कॉपी. फाइलींचे आकडे ताडून पाहिले. पुन्हा पाहिले. तिने बोटं मोडली, ओठ चावले, पण त्याला घाई कर म्हणाली नाही. शेवटी सीवरचं मूळ पुसायची वेळ आली आणि त्याचं बोट बटणावर अडलं.

"मला नाही जमत," तो म्हणाला. "तुझी आई आहे ती."

"मग मीच करते."

जीव मुठीत धरून स्वानंदीने बटण दाबलं. लाल पट्टी निळी झाली. त्याने सीवर ते खोटं दार बसवलं, प्रोग्राम उघडला. आणि प्रोग्राम त्या दाराला फसला! नव्या फोनमध्ये एकेक गोष्ट उतरू लागली. सगळ्यात शेवटी व्हॉइसमेलची यादी आली आणि यादीच्या टोकाला तो निळा ठिपका.

"मी बाहेर थांबतो," प्रल्हाद उठला.

"नको... थांब. एकटीने नाही ऐकवणार माझ्याने."

तिने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"चिरंजीव स्वानंदीस तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद," शोभनाताईंचा घोगरा आवाज खोलीत आला. "आता मला आत नेतील. नंतर बोलता येणार नाही म्हणतात. पण ऐकू येईल गं, कान शाबूत आहेत. इतकी वर्षं मीच बोलत आले, तुला तोंड उघडू दिलं नाही. आता तू बोलायचं. रोज फोन करायचा आणि सगळं सांगायचं. काय खाल्लंस, कोण भेटलं, सगळं. मी वाट बघून राहिली. कळावे."

स्वानंदी ढसाढसा रडली. दोन महिने! दोन महिने आई फोनजवळ बसून होती आणि ही त्या ठिपक्याला घाबरत होती. प्रल्हादने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"लाव फोन," एवढंच तो म्हणाला. "उठल्या असतील आता."

नागपुरात सकाळ झाली होती. एक रिंग, दुसरी... फोन उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास. हीच ती शांतता. स्वानंदीने डोळे पुसले आणि बोलायला लागली.

"आई, मी बोलतेय. चुकलं माझं. आजच ऐकला तुझा निरोप. आज खिचडी केली होती, थोडी करपली. बर्फ पडतंय. आणि..." तिने मान वर केली. प्रल्हाद खिडकीपाशी उभा होता. "आणि एक मुलगा भेटलाय, प्रल्हाद. पुण्याचा आहे, पण चांगला आहे. भित्रा आहे माझ्यासारखाच. मला तो खूप आवडतो, आई. त्याला अजून सांगितलं नाही, आधी तुला सांगून राहिले."

खिडकीपाशी चष्मा पार घसरला, तरी कुणी सावरला नाही.

पलीकडून आधी काहीच आलं नाही. मग टाळी वाजली. एक, मग दुसरी आणि मग टाळ्या थांबेचनात, बांगड्यांसकट. मागून विक्रमदादाचा झोपाळलेला आवाज आला, "काय सांगितलं गं तू आईला? पलंगावर उठून बसली ती! खुणा करून राहिली – त्या मुलाला फोन दे म्हणते."

स्वानंदीने फोन पुढे केला. प्रल्हादने तो दोन्ही हातांनी घेतला, कानाला लावला. घसा खाकरला. पलीकडे शोभनाताईंचा श्वास ऐकू येत होता, शांत, सावकाश, वाट बघणारा.

"नमस्कार काकू," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण नजर स्वानंदीवरून हलली नाही. "मलाही ही फार आवडते. तिला सांगायला मी घाबरत होतो. तुम्हाला सगळं सांगतो... ऐकाल ना?"