वेशीवरचा शरभ

बसा रं सगळी. आमच्या उचगावच्या भरमूअण्णा पाथरवटानं हे मला स्वतः सांगितलं, मरायच्या आदल्या वर्षी. त्याच्या धाकट्या भावाचं, मष्णूचं.

साल एकोणीसशे बावीस. मार्गशीर्षातली अमावस्या, सोमवार. निपाणीच्या अलीकडं एका गावात दोघं भाऊ कामाला गेलते. गावाला जुना तट अन् दगडी वेस. वेशीच्या कमानीवर शरभ कोरलेला. तोंड सिंहाचं, पंजाखाली हत्ती. कुठल्या तरी सुलतानाची निशाणी म्हणायचे. सुलतान गेला, मराठे आले, देसाई आले, गोरा साहेब आला. ज्यानं त्यानं आपली निशाणी खाली बसवली. शरभाला कुणी हात लावला न्हाय.

तिथल्या इनामदारानं लावायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी साहेबाची स्वारी येणार होती. शरभ तासून सपाट करायचा अन् तिथं मुकुटाची फळी ठोकायची.

दिवस मावळला तरी शरभाचं तोंड तासायचं राहिलंच. मष्णू म्हणाला, "अण्णा, आता नको. उजाडल्यावर उरकू."

"उजाडल्यावर साहेब दारात. चढ वर."

एवढं सांगून भरमूअण्णा मला म्हणाला, "मीच चढवला रं त्याला."

मष्णू शिडीवर. भरमूअण्णा खाली कंदील धरून. आठाचा सुमार. वेशीत चिटपाखरू न्हाय. ठक… ठक… छिन्नी चाललेली. मग मष्णूनं हात थांबवला.

आवाज थांबला न्हाय.

ठक… ठक… दगडाच्या आतनं.

"अण्णा, तू ठोकतोस व्हय?"

"न्हाय."

मष्णूनं दगडाला कान लावला. लई वेळ.

"अण्णा… आत कोणतरी हाय."

"खाली ये."

"पाथरवट हाय म्हणतोय… उचगावचा. काम झाल्यावर ह्यातच चिणला म्हणतोय…"

"मष्णू, खाली ये!"

"घरी न्हे म्हणतोय…"

कंदील विझला. वारा नव्हता.

भरमूअण्णानं काडी ओढली. एक. दोन. तिसरी पेटली.

शिडी रिकामी.

रात्रभर सारं गाव हिंडलं. विहिरी बघितल्या, खंदक बघितला. मष्णू न्हाय.

मंगळवारी दुपारी भरमूअण्णा सर्व्हिस मोटारीनं उचगावला आला. मष्णूच्या बायकोला, मालुबाईला, काय सांगावं ते सुचत नव्हतं. बघतो तर दारात माणसं जमलेली.

मालुबाईनं पहाटे कडी काढली, तर मष्णू उंबऱ्याबाहेर बसलेला. पन्नास मैलांवरनं, एका रात्रीत. डोळे उघडे… अंग गार.

भरमूअण्णा त्याच्याजवळ खाली बसला. तवा त्याला दिसलं. सारवलेल्या अंगणात चुन्याची पांढरी पावलं.

दोघांची.

मष्णूची उंबऱ्यापाशी थांबलेली. दुसरी उंबरा ओलांडून आत गेलती. सोप्यातनं, माजघरातनं… थेट चुलीपाशी.

बाहेर आलेलं पाऊल एक बी नव्हतं.