आवाज कुणी पुसला?

"मुलानेच केलंय. तुम्ही फक्त तसं सिद्ध करून द्या," असं म्हणून पाहुणे खुर्चीत बसले.

भावजी खूश झाले. वहिनींच्या तपास कचेरीत दार उघडणं आणि चहा टाकणं ही त्यांची कामं. पण जीव सगळा गुन्हेगार पकडण्यात अडकलेला. आज तर गुन्हेगार आयताच चालून आला होता.

"तुमचं ठरलंच आहे, तर मी कशाला हवी?" वहिनी म्हणाल्या. "काय गेलंय ते सांगा."

गेला होता आवाज. पाहुण्यांची बायको रेडिओवर निवेदिका. घशातल्या गाठीपायी तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तिने घरच्या कॉम्प्युटरवर गोष्टी रेकॉर्ड केल्या. सुनेला बाळ होणार होतं, त्याला आजीचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून. पुढे मुलाने कॉम्प्युटर लावला, तर जुनी रेकॉर्डिंगं जागच्या जागी आणि गोष्टी तेवढ्या नाहीशा. मुलाने हौसेने त्यावरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स घातलं होतं आणि नेमकं त्याच दिवशी काहीतरी अपडेटही केलं होतं. वडिलांनी तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आज संध्याकाळी दुकानदार येऊन कॉम्प्युटर साफ पुसणार होता आणि जुनी सिस्टीम बसवणार होता.

वहिनी ताडकन उठल्या. भावजींचा चहा राहिला तो राहिलाच.

पाहुण्यांच्या घरी मुलगा आईच्या माइकच्या खोलीत मान खाली घालून बसला होता. भावजींच्या मते एवढा पुरावा पुरेसा होता. वहिनींनी मात्र त्याला कॉम्प्युटर समजावून सांगायला लावलं. आत एक छोटी डिस्क, तिच्यावर सिस्टीम. बाहेर वायरीने जोडलेली मोठी डिस्क, तिच्यात आईची सगळी रेकॉर्डिंगं. छोट्या डिस्कवर 'आवाज' नावाचा एक फोल्डर; कॉम्प्युटर सुरू होताना मोठी डिस्क त्या फोल्डरला जोडली जाते, म्हणजे तो उघडला की मोठ्या डिस्कमधलं दिसतं.

"आणि गोष्टी?"

"इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा फोरम आहे, तिथे विचारलं ना. पुसलेल्या फाइली परत कशा आणायच्या म्हणून. ओळख ना पाळख, पण माणसं माझ्यासोबत ठाण मांडून बसलीयत. त्यांनी सांगितलेल्या प्रोग्रामने मोठी डिस्क पिंजून काढली. आईने पूर्वी कधीतरी पुसलेलं सापडलं, पण या गोष्टींचा मागमूस नाही. आणि वर छोटी डिस्क भरत आल्याची सूचना येत राहते. अपडेटमुळे असेल."

मग आत्यांची पाळी आली. या पाहुण्यांच्या बहीण. घर त्याच सांभाळत होत्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी त्यांनी ती खोली झाडली होती. भावजींनी आवाज चढवून विचारल्यावर त्या कावल्याच. "दुसऱ्या दिवशी, ही सगळी दवाखान्यात असताना, एक वायर लोंबताना दिसली. दिली खोचून. त्यात काय गुन्हा झाला?"

भावजींनी मनातल्या मनात मुलाला सोडून आत्यांना बेड्या घातल्या.

"आता बाईंना विचारते," वहिनी म्हणाल्या.

"तिला नका त्रास देऊ," पाहुणे आडवे आले. "बिचारी काय सांगणार?"

वहिनी आत जाऊन निवेदिकाबाईंच्या शेजारी बसल्या. बाईंच्या हातात मोबाइल होता. त्या दिवशी 'आवाज' उघडला तेव्हा आत काय होतं, एवढंच वहिनींनी विचारलं.

बाईंनी टाइप केलं: 'काहीच नव्हतं. वाटलं, लेकाने माझ्यासाठी जागा करून ठेवली.'

मुलाचा चेहरा पडला. "आई, हे सांगितलं का नाहीस?"

'कुणी विचारलंच नाही.'

वहिनी मुलाला घेऊन कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि फोरमवर नवा प्रश्न टाकायला लावला. थोड्याच वेळात उत्तरं आली. कुणीतरी लिहिलं होतं, 'अगदी शक्य आहे. चालू प्रोग्राम बंद करा, बाहेरची डिस्क सोडवा, मग त्याच फोल्डरमध्ये बघा. तोवर काही पुसू नका.' दुसऱ्याने आपल्या लग्नाचे फोटो असेच सापडल्याचं कळवलं होतं.

"म्हणजे चोर कोण?" भावजींना राहवेना.

"चोर नाहीच, भावजी. झाडताना मोठ्या डिस्कची वायर निसटली. म्हणून बाईंना 'आवाज' रिकामा दिसला. जुनी रेकॉर्डिंगं डिस्कबरोबर बाहेर, आणि हाती उरला छोट्या डिस्कवरचा नुसता फोल्डर. गोष्टी त्यात गेल्या. म्हणून तर छोटी डिस्क भरत आली, आणि मोठीवर मागमूस मिळेना. दुसऱ्या दिवशी आत्यांनी वायर खोचली. याने कॉम्प्युटर लावताच मोठी डिस्क पुन्हा त्या फोल्डरवर येऊन बसली. टेबलावरच्या कागदांवर चादर पसरावी तसं झालं. कागद गेले नाहीत, झाकले गेले."

"मग फोरमवाल्यांना कसं कळलं नाही?"

"याने पुसलेलं परत कसं आणू म्हणून विचारलं, त्यांनी त्याचंच उत्तर दिलं. फोल्डर रिकामा होता हे ज्यांना ठाऊक, त्यांच्याशी घरात कुणी बोलतच नव्हतं."

संध्याकाळी कॉम्प्युटर पुसला असता तर सर्वांत आधी छोटीच डिस्क कोरी झाली असती, हे पाहुण्यांच्याही ध्यानात आलं असावं.

मुलाने डिस्क सोडवली आणि फोल्डर उघडला. गोष्टी एकाखाली एक होत्या. त्याने आधी त्यांची दुसरीकडे प्रत केली, मग पहिली लावली.

"ऐकतोयस ना रे बाळा? की ऐकतेयस? मी आजी बोलतेय. हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही, सांगून ठेवते."

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. भावजींना चोर न मिळाल्याचं दुःख उरलं नाही.

तेवढ्यात दुकानदार आला. पाहुणे दाराकडे निघाले, अर्ध्यावर थांबले आणि बायकोपाशी परत आले.

"काय सांगू त्याला? तूच ठरव," ते म्हणाले, आणि तिचं टाइप करून होईपर्यंत उभे राहिले.

बाईंनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. 'त्याला जाऊ दे. तू आधी लेकाशी बोल.'

दार उघडायला भावजी गेले. मागे पाहुणे मुलाला म्हणत होते, "चुकलो रे. चल, पुढची गोष्ट लाव."