तीन पायांचा घोडा

ही गोष्ट खरी आहे.

ज्याच्या बाबतीत घडली तो गास्तोन उरिओना वकील आहे. शपथ घेऊन बोलायचा त्याचा धंदाच आहे. ही गोष्ट मात्र त्याने मला शपथ न घेता सांगितली. म्हणून माझा विश्वास बसला.

चार वर्षांपूर्वीची एक नोव्हेंबर. जागा सुक्रे शहरातली, विद्यापीठामागची गल्ली. आणि वेळ रात्रीची नाही.

भर दुपारी बाराची.

आमच्याकडे मेलेले रात्री येत नाहीत. एक तारखेला बाराच्या ठोक्याला येतात, दुसऱ्या दिवशी बाराला जातात. सरकारी कचेरीपेक्षा वक्तशीर. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं असेल ते तीन वर्षं त्याच्यासाठी मेज मांडतात. काळा कपडा, त्याच्या आवडीचं जेवण, आकाशातून उतरायला पावाची शिडी, प्रवासाला पावाचा घोडा. दार उघडं ठेवतात. कुणीही आत यावं, त्याच्या नावाने प्रार्थना म्हणावी, पाव घेऊन जावं.

गास्तोन सव्वीस वर्षांनी सुक्रेला आला होता. मुलगी मिकाएलाला आपलं विद्यापीठ दाखवायला.

"पप्पा, तुमच्या आठवणींना अजून किती चढ आहेत?" ती धापा टाकत म्हणाली.

"हा शेवटचा. इथं आमची खोली होती. माझी आणि सिक्स्तोची."

"सिक्स्तो कोण?"

"होता एक."

एवढंच बोलला. वकील माणूस, गैरसोयीचं उत्तर कसं आखडतं घ्यायचं हे त्याला बरोबर कळतं.

सिक्स्तो माइता खाणगावातला पोरगा. विधवा आईचा एकुलता एक. त्याच्या बुटाचा तळ फाटलेला, आत वर्तमानपत्राची घडी कोंबलेली. चालला की आवाज यायचा. खस्स... खस्स... सगळा वर्ग हसायचा. गास्तोन जरा जास्तच.

तिसऱ्या वर्षाला सिक्स्तो विषमज्वराने गेला. संपामुळे रस्ते बंद होते. आईला येता आलं नाही, त्याला सुक्रेतच पुरलं. मग तिचं पत्र आलं, गावच्या मास्तरांच्या अक्षरात.

'बाळा, तो तिथं गेला, तर तिथंच परत येईल. तीन वर्षं त्याचं मेज तू मांड. मला लिहून कळव.'

गास्तोनने शब्द दिला.

पहिल्या वर्षी परीक्षा होती. दुसऱ्या वर्षी एक मुलगी होती. तिसऱ्या वर्षी तो नुकताच वकील झाला होता, आणि नुकत्याच झालेल्या वकिलाला कशालाच वेळ नसतो.

मेज एकदाही मांडलं नाही.

पत्रं मात्र तिन्ही वर्षं लिहिली. आणि काय लिहिली! नऊ पायऱ्यांची शिडी. सहा मेणबत्त्या. तिखट लाल मोंदोंगो, डुकराच्या मांसाचा, सिक्स्तोला आवडायचा तसा. 'घोड्याचा एक पाय भट्टीतच मोडला, तसाच ठेवला. सिक्स्तो हसला असता.' त्या पायाचा त्याला फार अभिमान वाटला होता. खोट्यात एक वेडावाकडा तपशील घातला की ते खरं वाटतं, हा धडा तो आजही नवशिक्या वकिलांना देतो.

मिकाएला कोपऱ्यावर चॉकलेट घ्यायला गेली. गास्तोन गल्लीत एकटाच उरला.

चर्चच्या घंटा सुरू झाल्या.

तो सवयीने ठोके मोजू लागला. आठ... नऊ... दहा... अकरा...

बारावा ठोका आलाच नाही.

गल्ली गप्प. कुत्रं नाही, मोटार नाही, कबुतर नाही.

आणि मग मागून... खस्स... खस्स...

तो गर्रकन वळला. कुणी नव्हतं. पांढरी भिंत, पांढरं ऊन.

पण जुन्या खोलीचं दार उघडं होतं. चौकटीला काळी फीत. आत मेणबत्त्या.

तो आत गेला. अशा दिवशी उघड्या दारावरून पुढं जाणं बरं दिसत नाही.

सहा मेणबत्त्या होत्या.

शिडीला नऊ पायऱ्या.

मोंदोंगोच्या ताटातून वाफ निघत होती... पण वास येत नव्हता. कसलाच.

आणि शिडीपाशी पावाचा घोडा होता. तीन पायांचा.

"या, डॉक्टर," कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे वकिलाला डॉक्टरच म्हणतात. मेजाआड टोपी घातलेली एक म्हातारी बसली होती. "किती उशीर! बसा. तुम्ही मला कधी बघितलं नाही. मी फोर्तुनाता. सिक्स्तोची आई."



"तुम्ही लिहिलंत तस्संच मांडलंय हो." तिने शालीतून तीन पत्रं काढली. घड्यांवर झिरझिरीत झालेली. "तुम्ही तीनदा मांडलंय, तुम्हाला ठाऊक. बघा, काही राहिलंय का?"

"नाही... काही नाही राहिलं."

"हा घोडा मात्र मला जमेना. चारही पाय धड यायचे मेल्याचे. शेवटी हाताने मोडला."

ती हसली. मग तिचा आवाज खाली आला.

"एक तक्रार आहे, डॉक्टर. पोराची."

"कुणाच्या पोराची?"

"माझ्याच, आणखी कुणाच्या? तो म्हणतो, आई, मी तीन वर्षं त्या गल्लीत दारं वाजवत फिरलो. दिवा नाही, पाव नाही. उपाशी परत गेलो. मी म्हटलं, गाढवा, एवढा शिकलेला माणूस खोटं लिहील? माझ्याकडं कागद आहे! तर रुसून बसलाय. तेव्हापासून माझ्या हातचंही खात नाही."

तिने शेजारच्या खुर्चीकडे मान वळवली. खुर्ची रिकामी होती.

"तुम्हीच सांगा त्याला. तुमच्या तोंडून ऐकेल. जेवला होता ना तो?"

गास्तोन मला म्हणाला, की त्या क्षणी खरं बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. सिक्स्तोला माफी नको होती. फक्त ते वाक्य हवं होतं. ते जिभेवर आलंही होतं.

म्हातारी पत्रं छातीशी धरून बघत होती.

"जेवला होता, फोर्तुनाताबाई," तो म्हणाला. "पोटभर. विसरला असेल."

खुर्ची करकरली.

कुणीतरी उठलं.

खस्स... खस्स...

गास्तोनच्या खांद्याला गार वारा घासून गेला. पावलं दाराबाहेर पडली.

"बघितलंस?" म्हातारी रिकाम्या खुर्चीला विजयाने म्हणाली. "सांगत नव्हते?" मग तिने घोडा उचलून गास्तोनच्या हातात ठेवला. "देव तुमचं भलं करो, बाळा. तुमच्यासारखा मित्र कुणाला मिळतो?"

टण्ण.

बारावा ठोका.

"पप्पा! भिंतीकडे तोंड करून काय उभे आहात? शिक्षा झालीये का?"

मिकाएला मागे उभी होती. समोर दार नव्हतंच. ते कधीचं विटांनी बुजवलेलं, वर चुन्याचे थरावर थर.

"आणि हा पाव कुणी दिला? पाय मोडकाय. फसवलं तुम्हाला."

गास्तोनने दुसऱ्या दिवशी खाणगावच्या मास्तरांचा पत्ता काढून फोन केला. म्हातारे झाले होते, पण आठवण पक्की होती.

"फोर्तुनाता? तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तीन पत्रं होती, ती शवपेटीत बरोबर ठेवा म्हणाली होती. ठेवली."

तेव्हापासून दर एक नोव्हेंबरला गास्तोन इथं, सांताक्रूझच्या घरी, मेज मांडतो. सगळं खरं. शिडी, मेणबत्त्या, मोंदोंगो. फाटक सताड उघडं ठेवतो. बाराला कोट घालून दारात उभा राहतो आणि ते एक वाक्य मनात घोकत बसतो.

ताटाला कुणी शिवत नाही. माशीसुद्धा नाही.

मी हे सगळं ऐकून मान डोलवायचो. मन खात असलं की माणसाला भास होतात, असं बायकोला सांगायचो. मी त्याचा शेजारी. आमच्या मध्ये एक भिंत.

गेल्या वर्षी बाराच्या ठोक्याला माझ्या दारावर टकटक झाली.

मी साखळी न काढता विचारलं, "कोण आहे?"

परत टकटक. हळू... संकोचाने. खूप दारं वाजवून झालेला माणूस वाजवतो तशी.

का कोण जाणे, मी दाराआडून म्हटलं, "अहो, इथं नाही. शेजारी जा. डॉक्टर उरिओनांकडे. तिथं तुमचं मेज मांडलंय."

बाहेर एक पाऊल वळलं, परत थांबलं. जणू कुणी खरंच विचार करत होतं.

मग पावलं निघाली. खस्स... खस्स...

गास्तोनचं घर माझ्या उजवीकडे आहे.

पावलं डावीकडे गेली.